अग्निशमन दलाचं बचाव पथक ‘तयार’ आहे हे ठरवायचं कसं?

जुना_बॉयलर · सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, एक जरा वेगळं काम गळ्यात पडलंय. आमच्या नगरपरिषदेने अग्निशमन विभागाच्या बचाव पथकाची पाहणी करायला छोटी समिती नेमली आहे. एक डॉक्टर, एक निवृत्त फौजी आणि मी. मी का, तर उभं आयुष्य एका रासायनिक कारखान्याच्या सेफ्टी विभागात गेलं म्हणून. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जवान चांगले आहेत, त्यांची इथे शोभा नको.

आम्हाला दिलेल्या छापील तक्त्यात सगळे रकाने वस्तूंचे. बंब किती, शिड्या किती, धुरात श्वास घ्यायचे बीए सेट किती, अडकलेला पत्रा कापायचं-फाकवायचं कटर-स्प्रेडर आहे का, दोर किती मीटर. पुढे ‘आहे / नाही’. सगळीकडे ‘आहे’ आलं की पथक सज्ज! एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताहात प्रात्यक्षिक झालं तेही पाहिलं. मंडप, भाषणं, मग ठरलेल्या खिडकीतून ठरलेला माणूस दोरावरून खाली. ‘अडकलेल्या’ त्या गृहस्थाने हार्नेस आधीपासूनच चढवला होता.

मला वाटतं वस्तू मोजण्यापेक्षा वेळ मोजावा. वर्दी, म्हणजे मदतीचा निरोप, आल्यापासून गाडी गेटबाहेर पडायला किती, जागेवर पोचायला किती, पोचल्यावर पहिला जवान आत शिरायला किती, आणि माणूस बाहेर यायला किती. एवढं पुरेल का? दलात काम केलेलं कोणी इथे असेल तर हातचं न राखता लिहा.

अर्धा_कप · सोमवार, रात्री ९:२०

सोपं आहे. एक वर्दी नगराध्यक्षांच्या बंगल्यावरून द्या, एक आमच्या आळीतून. दोन्हीकडे पोचायचा वेळ मोजा आणि वजाबाकी करा.

सडेतोड · सोमवार, रात्री ९:३१

अर्धा_कप, खोटी वर्दी देणं गुन्हा आहे. बाकी गणित बरोबर आहे.

तांडेल_निवृत्त · सोमवार, रात्री १०:४७

मी दलातून तांडेल (जवानाच्या वरचं पद) म्हणून निवृत्त झालो. कुठल्या ते जाऊ द्या.

वेळ मोजा साहेब, पण नुसत्या वेळेच्या मागे लागू नका. बेल पडली की मिनिटभरात गाडी बाहेर काढणं ही सवयीची गोष्ट आहे, कोणतंही बरं स्टेशन ते करतं. पण गाडी गेली म्हणजे पथक गेलं असं नसतं. गाडीत बसलेल्या सहाजणांपैकी बीए सेट लावून धुरात शिरणारे किती? पुष्कळदा दोन. त्यातला एक ड्रायव्हर-कम-ऑपरेटर असला तर तो पंप सोडून हलू शकत नाही. उरला एक.

तुम्ही स्टेशनात जाल तेव्हा पहिला प्रश्न विचारा: स्टोअरची चावी कोणाकडे? कटर-स्प्रेडर महागाची वस्तू. हरवली, मोडली तर चौकशी लागते, म्हणून ती कुलपात जाते. चावी सब ऑफिसरकडे, सब ऑफिसर रजेवर. तुमच्या तक्त्यात मात्र टिक: ‘आहे’.

दुसरं, कटर-स्प्रेडरचा पंप चालू करून दाखवा म्हणा. दोरी किती वेळा ओढावी लागते ते बघा. महिनोन् महिने न चालवलेलं छोटं पेट्रोल इंजिन आयत्या वेळी रुसतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून राळ झालेली असते.

तिसरं, दोर. लांबी विचारू नका, त्या दोराने आजवर काय काय ओढलं ते विचारा. पावसाळ्यात पडलेलं झाड ओढलेला दोर माणसाच्या जिवासाठी वापरायचा नसतो. जीव टांगायचा दोर वेगळा, त्याची नोंदवही वेगळी. दोन्ही एकाच खुंटीला दिसले तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

चौथं, दाढी. हसू नका. मास्कची कड गालाला चिकटली नाही तर धूर आत येतो आणि हवा बाहेर जाते. ज्याची दाढी वाढलेली तो त्या दिवशी बीएवाला नाही. हजेरीला हे बघितलं जातं का?

अर्धा_कप · सोमवार, रात्री १०:५२

दाढीचं वाचून आमच्या जिममधले निम्मे सिंह दलातून बाद झाले.

चिंगी · सोमवार, रात्री ११:०५

भाबडा प्रश्न. बीए सेट म्हणजे पाठीवरचा ऑक्सिजन ना? तो किती वेळ पुरतो?

जुना_बॉयलर · सोमवार, रात्री ११:२६

चिंगी, ऑक्सिजन नव्हे, दाबून भरलेली साधी हवा. आगीत शुद्ध ऑक्सिजन पाठीवर घेऊन जाणं म्हणजे संकटाला निमंत्रणच.

हिशोब असा. आपल्याकडे सर्रास दिसतं ते ६ लिटरचं सिलिंडर, ३०० बार दाबाने भरलेलं. म्हणजे साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. कंपनीच्या पत्रकात हाच आकडा असतो. पण दाब ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते, आणि ती वाजायच्या आधीच परत फिरलेलं असावं. तेवढी हवा, म्हणजे तीनेकशे लिटर, राखीव. उरले दीड हजार. अंगावर जाड कोट, हातात पाण्याने भरलेली होज (पाइप), जिने चढायचे, वरून भीती. अशा वेळी माणूस मिनिटाला ७०-८० लिटर सहज ओढतो. झाली वीस मिनिटं. त्यात आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही आलं.

तांडेलसाहेब, चावीचा मुद्दा डायरीत लिहून घेतला.

क्लीव्हलंडकर · मंगळवार, सकाळी ६:१५

मी ओहायोत राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि आमच्या टाउनशिपच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा एक भाग इथे गेली वीस-पंचवीस वर्षं घासूनपुसून तपासला गेलाय: बचाव करणाराच अडकला तर त्याला कोण काढणार?

इथे १९९८ पासून केंद्र सरकारच्या कामगार सुरक्षेच्या नियमात ‘दोन आत, दोन बाहेर’ आहे. आग पेटलेल्या घरात दोघे गेले तर दोघे पूर्ण तयारीनिशी बाहेर उभे हवेत. आत माणूस अडकल्याचं नक्की माहीत असेल तर सूट आहे. पुढे त्यातून चारजणांचं वेगळं तातडीचं पथक ठेवायची पद्धत पक्की झाली. त्यांचं काम एकच, आपल्या माणसाची ‘मेडे’ हाक आली की आत जाणं. तोवर होज धरायची नाही, शिडी लावून परतीची वाट करून ठेवायची आणि रेडिओ ऐकत राहायचं.

सगळ्यांना वाटायचं झालं, आता आपण तयार. मग मार्च २००१ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात एका सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर नावाचा जवान आत वाट चुकला आणि गेला. त्यानंतर फिनिक्सच्या दलाने रिकाम्या मोठ्या इमारतींत सुमारे २०० कवायती केल्या. जवानाला आत आडवा करायचा, हाक द्यायची आणि घड्याळ लावायचं. एकाला बाहेर काढायला १२ जण लागले. सरासरी २१ मिनिटं गेली. आणि काढायला गेलेल्या दर पाचांमागे एक स्वतःच अडचणीत आला. पाठीवरचं सिलिंडर पुरलं सरासरी १८-१९ मिनिटं.

बॉयलरकाकांनी वर मांडलेला हिशोब याच्याशेजारी ठेवून बघा. अडकलेल्याची हवा संपते तेव्हा वाचवणारे अजून वाटेत असतात. म्हणून तुमच्या चार वेळांत पाचवी घाला: आपला माणूस आत पडला तर तो किती वेळात बाहेर येतो.

सडेतोड · मंगळवार, सकाळी ८:०२

क्लीव्हलंडकर, माहिती झकास, पण जमिनीवर या. एकाला काढायला बारा! आमच्या तालुक्याच्या स्टेशनात एका पाळीला बारा माणसं कधी दिसली तर मी स्वतः येऊन ओवाळीन. मंजूर पदं कागदावर, भरती रखडलेली, अर्धे कंत्राटी. कंत्राटी पोराला सहा महिन्यांनी घरी पाठवतात, त्याच्या प्रशिक्षणावर खर्च कोण करणार?

अशा ठिकाणी तयारी तपासायला समिती नेमणं हे भिंत नसलेल्या घराला रंग कोणता द्यायचा असं विचारण्यासारखं आहे. आधी माणसं भरा. समितीने अहवालात एवढं एकच वाक्य लिहावं आणि चहा पिऊन उठावं.

मृण्मयी_ठाणे · मंगळवार, सकाळी ९:४०

> कंत्राटी पोराला सहा महिन्यांनी घरी पाठवतात

हे अगदी खरं आहे. माझा धाकटा भाऊ दलात आहे, म्हणून चार शब्द लिहिते.

तुम्ही चाचणीला याल त्या दिवशी साहेब तीन पाळ्यांतून सहा चांगले जवान निवडून उभे करतील. ते विश्रांती घेऊन, नाश्ता करून आलेले असतील. खरी वर्दी येते ती डबल ड्यूटीच्या अठराव्या तासाला, दोन किरकोळ वर्द्या उरकून जेवायला बसल्यावर. तेव्हा जी पाळी असेल, जशी असेल, तिचीच चाचणी घ्या. रजेवर किती, दांडीवर किती हेही त्याच वेळी कळेल.

गमबूट आणि कोट मापाचे आहेत का तेही बघा. भावाला पहिलं वर्षभर दोन नंबर मोठे बूट होते, मोजे कोंबून घालायचा. तसल्या बुटांनी शिडी चढून दाखवा म्हणावं. ‘गमबूट: आहेत’ यावर टिक होतीच. बाईमाणूस दलात असेल तर तिला कपडे बदलायला खोली आहे का तेवढंही विचारा.

आणि काका, एक स्पष्ट विचारते. निकाल वाईट आला तर शिक्षा कोणाला? जवानाची वेतनवाढ थांबणार असेल तर तुमच्यासमोर कोणी खरं वागणार नाही.

जुना_बॉयलर · मंगळवार, सकाळी १०:१५

मृण्मयीताई, हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता. समितीच्या बैठकीत मांडतो. व्यक्तीची नावं अहवालात नकोत असं माझं मत आहे.

सडेतोडराव, ते एक वाक्य लिहूच. पण माणसं भरेपर्यंत जी आहेत ती किती करू शकतात हे नको का कळायला? उलट ‘चारजणांत एवढंच होतं, त्यापुढे नाही’ असं मोजून लिहिलं तर भरतीच्या फाइलला वजन येईल.

क्लीव्हलंडकर · मंगळवार, सायंकाळी ५:३०

सडेतोड, अमेरिकेतही सगळीकडे माणसांची रेलचेल नाही. पगारी दलांसाठी इथला मापदंड आहे: बेल पडल्यापासून आगीच्या वर्दीला ८० सेकंदांत निघा, पुढे २४० सेकंदांत पहिली गाडी जागेवर. आमच्यासारख्या स्वयंसेवी दलांना ते झेपत नाही, म्हणून वेगळा मापदंड. दाट शहरी वस्तीत ९ मिनिटांत १५ माणसं, उपनगरात १० मिनिटांत १०, खेड्यात १४ मिनिटांत ६. खेड्याला कोणी शहराची पट्टी लावत नाही. तुमच्या गावाची पट्टी तुम्ही आखा, पण लिहून ठेवा आणि दरवर्षी तीच लावा.

सडेतोड · मंगळवार, सायंकाळी ५:४४

हे पटलं. ओवाळायचं मात्र मागे घेत नाही.

पालव्याचा_पोरगा · मंगळवार, रात्री ९:०५

गोदीजवळच्या चाळीत वाढलो, म्हणून १४ एप्रिलचं महत्त्व लहानपणापासून ऐकत आलोय. सेवा सप्ताह त्याच तारखेला का सुरू होतो हे भाषणांत सांगतात, पण पुढचं कोणी बोलत नाही. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं. आग दुपारी लक्षात आली, पहिला स्फोट चार वाजून गेल्यावर झाला. मधल्या वेळात दलाचे जवान जहाजावर आणि धक्क्यावर पाणी मारत होते. ‘जहाज सोडा’ हा हुकूम निघाला तो स्फोटाच्या जेमतेम पंधरा मिनिटं आधी. ६६ जवान गेले.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले, सुधीर अमीन आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर पुढे रुग्णालयात. चौघेही अधिकारी, अनुभवी. जुनी इमारत, लाकडी तुळया, आग आत धुमसतेय. असं घर कधी बसेल हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं.

बॉयलरसाहेब, तुमच्या चाचणीत ‘आत जा’ एवढंच असेल तर ती अर्धी आहे. एक प्रसंग असा ठेवा की ज्यात बरोबर उत्तर ‘बाहेर या’ हे आहे. ते कोण बोलतो, किती वेळात बोलतो आणि बाकीचे ऐकतात का, हे बघा.

क्लीव्हलंडकर · बुधवार, सकाळी ५:५०

पालव्याचा_पोरगा, अगदी. ३ डिसेंबर १९९९, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर. शीतगृहाची पडीक इमारत, भिंतींना खिडक्या जवळपास नाहीत. आत बेघर लोक असतील म्हणून दोघे शोधायला गेले, वाट चुकले, हवा संपत आल्याचं रेडिओवर सांगितलं. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार परत आले नाहीत. तेव्हा माइक मॅकनॅमी हा अधिकारी दारात उभा राहिला आणि आत निघालेल्या बाकीच्यांना त्याने अडवलं. आपलेच सहा मित्र आत असताना. इथल्या प्रशिक्षणात हा प्रसंग अजून शिकवतात.

सोसायटी_सेक्रेटरी · बुधवार, सकाळी ११:२०

दलाची परीक्षा घेताय ते ठीक, पण लोकांची कोण घेणार? आमच्या २२ मजली इमारतीभोवती गाडी फिरायला जी मोकळी जागा नकाशात आहे, तिथे आज पाहुण्यांचं पार्किंग आहे. मी नोटीस काढली तर वार्षिक सभेत माझ्यावरच ठराव. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते येतं हो. एजन्सीचा माणूस खालीच चहा पिऊन जातो, विसाव्या मजल्यावरचा हायड्रंट (आगीसाठीचा नळ) उघडून बघत नाही. रेफ्युज एरियात, म्हणजे आगीत आसऱ्याला थांबायच्या जागेत, कोणाची तरी सायकल, कुंड्या आणि एक जुना फ्रीज आहे.

अर्धा_कप · बुधवार, सकाळी ११:२८

फ्रीजमध्ये काही थंड असेल तर तो रेफ्युजच झाला की.

हवेली_हायराइज · बुधवार, सकाळी ११:४५

एवढ्या उंच इमारतीला शिडी पोचत नाही, मग हे सगळं कशाला? उंच शिडीची गाडी घ्यायला लावा आधी.

तांडेल_निवृत्त · बुधवार, दुपारी १:१०

हवेली, उंच शिडीची गाडी गल्लीत वळत नाही आणि तिचे पाय रोवायला पक्की मोकळी जमीन लागते. वर सेक्रेटरी सांगतायत तिथे पाहुण्यांची गाडी उभी आहे! उंच इमारतीत आग आतूनच विझवायची असते, इमारतीच्याच पाइपातून, जिन्याने वर जाऊन. आगीच्या एक-दोन मजले खाली सगळं सामान जमवायचं आणि तिथून चढाई. म्हणून जवान बीए घालून किती मजले चढतो आणि वर पोचल्यावर त्याच्याकडे किती दाब उरतो, हे मोजा. दहा मजले चढून धापा टाकणाऱ्याने सिलिंडरचा मोठा भाग जिन्यातच संपवलेला असतो. तो वर जाऊन कोणाला उचलणार?

संपादक · बुधवार, दुपारी १:३०

पार्किंगवर स्वतंत्र धागे भरपूर आहेत. इथे विषयावर राहूया.

कडेकपारी · बुधवार, रात्री १०:००

मी डोंगरातल्या बचावकार्यात दोर सांभाळणारा. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरणाऱ्यांत ट्रेकर मंडळी होती, हे वाचलं असेलच. माझा मुद्दा मात्र दरीचा नाही, विहिरीचा आहे.

तुमच्या गावचं पथक वर्षभरात प्रत्यक्ष कोणत्या वर्द्यांवर जातं? वर्दी-पुस्तक काढा आणि वाचा. उंच इमारतीची आग कदाचित एकही नसेल. असेल ते असं: झाड पडलं, गाय खड्ड्यात, लिफ्ट अडकली, मूल घरात आणि दार बंद, मांज्यात अडकलेली घार, पुरात अडकलेलं कुटुंब, आणि विहीर किंवा ड्रेनेजचं चेंबर. या शेवटच्या दोन ठिकाणी माणसं रांगेने मरतात. पहिला उतरतो, पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, पडतो. तिसरा भाऊ असतो.

चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणतात, पण प्रमाण वाढलं की नाकाची शुद्धच हरपते आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं हवा सुधारली. विहिरीत डिझेलचं इंजिन उतरवून पाणी उपसलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड, त्याला तर वासच नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, १९.५ च्या खाली गेला की बीएशिवाय उतरायचं नाही. म्हणून विचारा: गॅस डिटेक्टर आहे का, तो शेवटचा कधी कॅलिब्रेट केला, आणि पाळीतल्या कोणालाही हातात दिला तर तो पट्टीवरचे आकडे वाचून सांगतो का. माणूस खाली-वर करायची तिपाई आणि विंच गाडीवर चढवलेली आहे की गोदामात?

मी चाचणी घेणारा असतो तर बाकी सगळं सोडून एक कोरडी विहीर आणि एक चेंबर निवडलं असतं. जवान किती लवकर उतरला यावर गुण नाहीत. उतरण्याआधी मीटर खाली सोडला का, यावर पूर्ण गुण.

चिंगी · बुधवार, रात्री १०:२२

‘तिसरा भाऊ असतो’ वाचून थांबले. आमच्या गावी असंच झालं होतं.

तांडेल_निवृत्त · बुधवार, रात्री १०:४०

कडेकपारी, शंभर टक्के. काठावर नातेवाईक ओरडत असतात, ‘बघत काय बसलाय, उतरा!’ त्या वेळी मीटर सोडून दोन मिनिटं थांबायला छाती लागते. गर्दी मागे रेटायला वेगळा माणूस हवा. तो नेमलेला आहे का हेही चाचणीत बघा.

सरासरी_माणूस · गुरुवार, सकाळी ७:५५

आकडेमोडीत पोट भरणारा माणूस आहे, म्हणून एक सूचना. वेळेची सरासरी काढू नका. दिवसाच्या शांत वर्द्या लवकर उरकतात आणि बाजाराच्या दिवशीची वर्दी त्यांच्यात लपून जाते. क्लीव्हलंडकर सांगतायत ते ८० आणि २४० सेकंदही सरासरीचे नाहीत. दहापैकी नऊ वर्द्यांना ते जमलं पाहिजे, असा तो मापदंड आहे. तुम्हीही तसंच विचारा: दहापैकी नऊ वेळा आपण किती मिनिटांच्या आत पोचतो? आणि दहावी कुठे अडकली ते वेगळं वाचा, कारण शिकण्यासारखं तिथेच असतं. रेल्वे फाटक असेल, आठवडी बाजार असेल, नाहीतर पत्ताच चुकीचा लिहून घेतला असेल.

दुसरं, परीक्षक बाहेरचा हवा. भूकंपात देशोदेशी जाणाऱ्या शोध-बचाव पथकांची संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वर्गवारी होते. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपाचा अनुभव घेऊन ती करणारी संघटना १९९१ मध्ये उभी राहिली. सगळ्यात वरच्या, ‘हेवी’ वर्गाच्या पथकाला सलग ३६ तासांचा सराव परक्या देशांतल्या परीक्षकांसमोर द्यावा लागतो आणि पाच वर्षांनी परत परीक्षा. रात्र, थकवा, जेवण, पाळीबदल सगळं त्यात येतं. मृण्मयीताईंचा अठरावा तास तिथे गृहीतच धरलाय.

सडेतोड · गुरुवार, सकाळी ८:३०

बाहेरचा म्हणजे शेजारच्या नगरपरिषदेचा का? ते एकमेकांना पास करतील. ‘तू माझ्या पोराला मार्क दे, मी तुझ्या.’

सरासरी_माणूस · गुरुवार, सकाळी ८:४१

शक्य आहे. पण खरोखर मोठी आग लागली की मदतीला शेजारचंच पथक येणार. समोरच्याची कपलिंग आपल्या होजला बसते का, त्यांचा वॉकीटॉकी आपल्या चॅनेलवर येतो का, हे त्यांना आधी कळलेलं बरं. गुण वाढवले तरी एवढं तरी पदरात पडेल.

जुना_बॉयलर · गुरुवार, रात्री ८:५०

आज समितीची बैठक झाली. तुमच्या प्रतिसादांच्या प्रिंट नेल्या होत्या. डॉक्टरांना विहिरीचा मुद्दा लगेच पटला, फौजींना ‘बाहेर या’ वाला. मुख्याधिकाऱ्यांनी नाकं मुरडली ती अघोषित चाचणीवर.

सध्याचं ठरलंय ते असं. वस्तूंचा तक्ता राहील, पण प्रत्येक वस्तूपुढे ‘आहे / नाही’ ऐवजी ‘पाळीतल्या कोणीही काढून चालू करून दाखवली’ असा रकाना. मागच्या वर्षभराचं वर्दी-पुस्तक वाचून त्यातल्या तीन खऱ्याखुऱ्या वर्द्यांवर बेतलेली चाचणी. त्यातली एक विहिरीची. एक जुन्या गोदामातली, तिथे शेवटी आपलाच एक जवान पडला असं समजायचं. एंट्री कंट्रोल बोर्डावर कोण किती दाबाने आत गेला आणि त्याने कधी बाहेर यायचं हे लिहिलंय का, ते फौजी बघणार. जवानांची नावं अहवालात येणार नाहीत. बूट आणि चावी, दोन्ही आहेत.

अडकलंय ते अघोषित चाचणीपाशी. आधी सांगितलं तर प्रात्यक्षिक होईल. न सांगता केली तर त्याच वेळी खरी वर्दी आली तर काय?

तांडेल_निवृत्त · गुरुवार, रात्री ९:२५

मुख्याधिकाऱ्यांची भीती रास्त आहे. पथक गोदामात पडलेलं आणि गावात खरी आग, असं होता कामा नये. मार्ग आहे. आठवडा सांगा, दिवस आणि पाळी सांगू नका. त्या आठवड्यात शेजारच्या गावाची एक गाडी तुमच्या स्टेशनात आणून उभी करा. वर्दी घेणाऱ्या वॉच रूमच्या माणसाला आणि स्टेशन ऑफिसरला मात्र विश्वासात घ्या. ‘चाचणी बंद’ असा एक शब्द ठरवा, तो रेडिओवर आला की जिथे आहे तिथे सगळं थांबवायचं.

रस्त्यावर भोंगा वाजवत सुसाट गाडी न्यायची चाचणी अजिबात नको. वेळेच्या नादात चौकात कोणाला तरी उडवतील. टर्नआउट, म्हणजे बेल पडल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ, स्टेशनात मोजा, प्रवासाचा वेळ वर्दी-पुस्तकातून घ्या.

मृण्मयी_ठाणे · गुरुवार, रात्री ९:४०

भोंग्याचं लिहिलंत ते बरं केलंत. घरी आम्हाला आगीपेक्षा त्याचीच धास्ती असते.

पालव्याचा_पोरगा · गुरुवार, रात्री ९:५८

गोदामाच्या चाचणीत ‘बाहेर या’ कधी म्हणायचं ते अधिकाऱ्याला आधी सांगू नका. भिंतीला तडा, छताचा आवाज, असं काहीतरी चिठ्ठीवर लिहून मध्येच त्याच्या हातात द्या आणि घड्याळ बघा. शेवटचा माणूस दाराबाहेर येऊन हजेरी पूर्ण होईपर्यंत.

क्लीव्हलंडकर · शुक्रवार, सकाळी ६:०५

गोदामात खरा धूर करू नका, कृत्रिम धुराचं यंत्र मिळत नसेल तर मास्कच्या काचेवर आतून मेणकागद लावा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मास्क काढला की धोका संपला. आणि पडलेल्या ‘जवाना’ला पूर्ण कोट, हेल्मेट, सिलिंडर चढवा. नुसती बाहुली ओढणं आणि सिलिंडर दाराच्या चौकटीत अडकलेली बाहुली ओढणं यात फार फरक आहे.

जुना_बॉयलर · शुक्रवार, सकाळी ९:१०

मेणकागद माळ्यावर निघेल. बाहुली कुठून आणायची? स्टेशनात आहे ती पेंढ्याची, एका हाताने उचलली जाते.

अर्धा_कप · शुक्रवार, सकाळी ९:१४

मी येऊन पडतो. वजन ९०, अनुभव दांडगा, रोज दुपारी सराव असतो.

तांडेल_निवृत्त · शुक्रवार, सकाळी ९:४५

अर्धा_कप, जिवंत माणूस नको. काच झाकलेली पोरं खांद्याच्या पट्ट्याला धरून ओढतात, जिन्यावर डोकं आपटतं, हात मुरगळतो. बॉयलरसाहेब, जुना डांगरी सूट घ्या, त्यात वाळूच्या छोट्या पिशव्या भरा, एकूण ७५ किलोपर्यंत. पाय आणि हात लुळे राहिले पाहिजेत, नाहीतर ओढायला सोपं जातं. मानेपाशी शिवण दुहेरी मारा, तिथूनच फाटतं.